गाळपेरचे दोन वाटे

वैशाखी पौर्णिमेला सगळ्यांनी खर्डीजवळच्या घरी यायचं, हा सोमाआज्याचा दंडक. त्याची बायको चिमाबाई गेल्यानंतरही तो सुटला नव्हता. सकाळी विहारात वंदना, दुपारी घरी खीर, आणि दिवस कलला की विहारासमोरच्या मांडवात कार्यक्रम. मांडव थोरल्या मुलाचा, शेखरचा, आवाजाची यंत्रणा शेखरची, आणि शेवटी वाजवायला उभा राहणारा बँड म्हणजे शेखरचा मुलगा अनिकेत, धाकट्या धम्मपालची मुलगी पौर्णिमा आणि त्यांचे दोन मित्र. त्या बँडचं नाव गाळपेर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, ती गाळपेर. नाव पौर्णिमेनं सुचवलं होतं. लोकांना ते अनिकेतचं वाटायचं, कारण माइकवर तो सांगायचा.

या वर्षी खीर पानात पडली आणि कोणी बोलेना. गाळपेर सोडते आहे, एकटीनं वाजवणार आहे, हे पौर्णिमेनं आठवड्यापूर्वी अनिकेतला फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर ते ज्याच्या त्याच्या कानावर गेलं होतं, आणि प्रत्येकानं ते दुसऱ्याला माहीत नसल्यासारखं धरलं होतं.

शेवटी शेखरनंच तोंड उघडलं. शहापुरात त्याच्या मंडप-साउंडच्या धंद्यावर चार घरं चालत, त्यामुळे घरातलं काही मोडायला आलं की आपणच टेकू द्यायचा अशी त्याला सवय होती.

"पौर्णिमा, मुंबईचं बोलावणं आलंय गाळपेरला. एवढा मोठा मंच. आणि तुला आत्ताच सुचलं?"

"मोठे पप्पा, बोलावणं यायच्या आधी गेले असते, तर तुम्हीच म्हणाला असतात, जमलं नाही म्हणून गेली."

"आणि आता काय म्हणू?"

"आता काहीच म्हणू नका. खीर खा."

कमळूआत्या हसली. ती मुरबाडकडच्या वैशाखरे गावात दिलेली, सोमाची एकुलती एक लेक. पौर्णिमेची आई गेल्यावर हिनंच तिला दर सुट्टीत स्वतःकडे नेऊन वाढवलं होतं. "खा रे शेखर. पोरगी जेवताना भांडत नाय, हे तरी बरा हाय."

"तू तिचीच बाजू घेणार."

"मंग काय तुझी घेऊ? तुझ्याकडं टेम्पो हाय, मांडव हाय, पोरगा हाय. तिच्याकडं काय हाय?"

धम्मपाल खाली मान घालून जेवत होता. वाशिंदच्या कारखान्यात पाळी करणारा माणूस. मोठ्या भावासमोर त्याचा आवाज लहानपणापासून बसलेला. पौर्णिमेनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भाताचा डोंगर बोटांनी सारखा केला आणि शेखरला म्हणाला, "दादा, मी सांगितलंय तिला, तुला विचारून कर म्हणून."

म्हणजे बाप तिकडे होता. हे तिला अपेक्षित होतं, तरी तिनं पान पुढे सारलं.

अनिकेतनं वाटी बाजूला ठेवली. तो चिडला की गप्प बसायचा आणि मग एकदम गाण्यासारखं बोलायचा. "मला एकच सांग पौर्णिमा. मुरबाडच्या कॉलेजात पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा लोकांनी चपला फेकल्या. तेव्हा नाही गेलीस. आता टाळ्या पडतात, तर चाललीस. का?"

"टाळ्यांमुळेच." तिनं हात धुतला. "दादा, तुझं गाणं जिथे संपतं ना, तिथे मला काहीतरी सुरू झालेलं ऐकू येतं. पण तोवर लोक टाळ्या वाजवून मोकळे. मला तिथून पुढे वाजवायचंय."

"बेस गिटारवर? एकटीनं? पोरी, बेस म्हणजे पाया. नुसत्या पायावर कोण राहायला जातं?"

"तुझं बोलणं भारी असतं. म्हणूनच तू गातोस."

दीप्ती, अनिकेतची बायको, वाढता वाढता थांबली आणि खाली बघून हसली. ते अनिकेतला दिसलं.

*

सोमा ओट्यावरच्या खुर्चीत होता. त्याचं जेवण सर्वांत आधी आटपायचं. तरुणपणी तो गायनपार्टीत तुणतुणं धरायचा. गाणारा पुढे, ढोलकी बाजूला, आणि सोमा मागे, एका तारेवर. त्याचं नाव पत्रकावर कधी आलं नाही. पण गाणाऱ्याचा सूर हलला की तो मान वळवून सोमाकडे बघायचा.

नातवंडांना वाजवायची हौस लागली, तेव्हा तोच कल्याणला जाऊन दोन गिटारी घेऊन आला होता. अनिकेतला सहा तारांची. पौर्णिमेला निवडताना त्यानं दुकानातल्या सगळ्या तारा बोटानं ताणून पाहिल्या आणि सगळ्यांत जाड तारांची उचलली. पोर लहान आहे, ओढून तोडेल, ही तुटायची नाही. तारा चारच होत्या, पण ज्याची आख्खी गायनपार्टी एका तारेवर उभी होती त्याला चार म्हणजे श्रीमंतीच. घरी आणल्यावर कळलं की ती वेगळीच जात आहे. आवाज मोठा करायचा डबा नसेल तर ती पुटपुटल्यासारखी वाजते. अनिकेत तिला 'मुकी' म्हणायचा. सोमा परत न्यायला निघाला होता. पौर्णिमा तिला पोटाशी धरून माळ्यावर जाऊन बसली, ती रात्रीच्या भाकरीलाच खाली उतरली.

"वेगळा व्हायचाय ना?" सोमा ओट्यावरून म्हणाला. "मंग रडता कशाला? वाटे घाला."

"आबा, ही काय जमीन आहे?" शेखर म्हणाला.

"जमिनीचा काय वेगळा असतो? मी आन माझा धाकटा भाऊ बुधू वेगळे झालो तवा लोक म्हनले, आता डोकी फुटतील. नाय फुटली. मोठ्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मी वाटे घातले, बुधूनं आंब्याचा उचलला. आजून त्याच्या घरनं पाटी येते आंब्याची." त्यानं काठीनं ओटा दाखवला. "दोन चटया टाका."

शेखरला हे पोरखेळ वाटलं, पण बापापुढे बोलायची त्याला धम्मपालइतकीच चोरी होती. दीप्तीनं चटया आणल्या. ड्रम वाजवणारा मंगळ्या, पाड्यावरचा, नुकताच येऊन खिरीची वाटी घेऊन बसला होता. त्यानं चटयांकडे पाहिलं.

"आमाला पन ठेवताव का वर? मी जड हाय, सांगून ठेवतो."

"तू गप खा."

"खातोय. फक्त इचारला."

अनिकेत उठला. एव्हाना त्याच्या रागाला काम मिळालं होतं. त्यानं पहिल्या चटईवर गाळपेरचा कापडी फलक गुंडाळून ठेवला. "नाव." त्यावर पेनड्राइव्ह. "गाणी. सगळी." मग शेखरनं बँडसाठी दिलेल्या जुन्या टेम्पोची किल्ली. मग मुंबईच्या आयोजकांनी पाठवलेला गळ्यातला पास. मग थोडं थांबून म्हणाला, "मंगळ्या आणि गिटारवाला साईनाथ माणसं आहेत, ती त्यांच्या मर्जीनं."

"आभारी हाय," मंगळ्या म्हणाला.

दुसऱ्या चटईकडे वळायला अनिकेतला वेळ लागला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात बेसचा जुना स्पीकर होता, सोमानं फळ्या ठोकून पेटी केलेला. सगळे त्याला डबा म्हणत. तो त्यानं पायानं चटईवर सरकवला. मग पौर्णिमेच्या पिशवीतून एक लोखंडी कडं काढून वर ठेवलं. ते चिमाबाईच्या मुसळाच्या टोकाचं कडं होतं. मुसळ वाळवीनं खाल्लं, कडं राहिलं. पौर्णिमा ते मुठीत धरून तारांवरून घसरवायची, आणि तिची एक चाल त्यातूनच आलेली होती.

"आणि ती तुझी कांडणाची चाल," अनिकेत म्हणाला. "शब्द नाहीत तिला. मी गाण्यात धरत नाही. ही तुझी."

"मुकी नाय ठेवलीस वाट्यात," आत्या म्हणाली.

"ती तिचीच. आबांनी घेतलेली."

"झाले वाटे?" सोमानं विचारलं.

"झाले."

"हात उचललास?"

अनिकेतनं दोन्ही हात वर केले, पोलिसांना दाखवतात तसे.

आत्या चटयांकडे बघत होती. मग ती तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि खांदे हलायला लागले तेव्हा भिंतीला टेकली.

"काय झालं?" शेखर म्हणाला.

"काय नाय. तुझ्या पोराला बुधू आठवला नाय."

दीप्ती हळूच म्हणाली, "अहो, ती आधी उचलणार आहे."

अनिकेतनं पहिल्या चटईकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि मग पुन्हा पहिलीकडे. मुंबईच्या कुठल्याही करारात आपल्याला काय मिळतं हे बघायचं असतं. घरच्या वाट्यात आपल्याला काय उरेल हे बघावं लागतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मून तो रागाच्या भरात एवढंच विसरला होता.

"थांबा," शेखर म्हणाला. "पुन्हा घालूया वाटे. त्यानं नीट ऐकलं नव्हतं."

"हात उचलला," सोमा म्हणाला. "मी आंब्याचा वाटा परत मागितला का?"

"आबा, पण सगळंच..."

"घालताना त्यालाच बरोबर वाटला ना? मंग तिला पन बरोबर वाटू दे."

पौर्णिमा पहिल्या चटईपाशी जाऊन बसली. फलकाचं कापड तिनंच मुरबाडच्या बाजारातून आणलेलं. अक्षरं मंगळ्याच्या बहिणीनं शिवलेली. हात नुसता टेकला की झालं. नाव तिचं, मंच तिचा, आणि अनिकेतला ते परत मागायला तिच्या दारात यावं लागेल. तिला तो उभा दिसला. वाशिंदच्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात, चप्पल न काढता. बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. जेव्हा जेव्हा त्यानं तिच्या बेसचा आवाज मिक्सरवर खाली ओढला होता, ते सगळं त्या एका जिन्यात वसूल झालं.

तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. सवय.

धम्मपाल उठून उभा राहिला होता. शेखर त्याच्याकडे बघत होता, काहीतरी बोल अशा नजरेनं. "माझ्याकडं बघू नको," धम्मपाल तिला म्हणाला. "मोठ्या पप्पांकडं पण नको. तुला पायजे ते उचल. दोन्हीतला कुठला पण. मी हाय तुझ्यामागं."

"धम्मा," शेखर म्हणाला.

"दादा, नियम आबांचा हाय."

पौर्णिमेनं फलकावरचा हात काढला. इतका वेळ तिला बाप इकडे यायला हवा होता. तो आला, आणि तो येताच जिन्यातला अनिकेत कुठेतरी निघून गेला. तिला पहिला वाटा नको होता. नावाबरोबर गाणी आली असती, गाण्यांबरोबर शब्द, आणि ते सगळे शब्द त्याचेच. पुन्हा त्याच्या मागेच चालायचं, फक्त तो नसताना.

ती उठून दुसऱ्या चटईपाशी गेली आणि तिनं कडं उचललं.

मंगळ्यानं वाटी खाली ठेवली.

"उचलला," सोमा म्हणाला.

"आबा, वाट्याबाहेरचं एक मागायचंय," पौर्णिमा म्हणाली. "दादाकडून. त्याला नाही म्हणता येईल."

अनिकेतचा चेहरा अजून आपल्या जागेवर आला नव्हता. "माग."

"आज मांडवात गाळपेरनंतर मी वाजवणार. एकटी. आणि मिक्सरवर तू बसायचं."

"सगळं सोडलंस, आणि मिक्सर मागतेस?"

"तू किती खाली ओढतोस ते मला माहीत आहे. वर किती नेतोस ते बघायचंय."

*

गाळपेरनं ठरल्यासारखं वाजवलं. साईनाथ कल्याणहून गिटार घेऊन वेळेवर आला. अनिकेत चांगला गायला, घाम येईपर्यंत. पण पहिल्या गाण्यापासूनच मांडवात कुजबुज होती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी कमळूआत्याला म्हणाली, "आज गाण्याला पोट नाय गो."

"पोट मागं उभा हाय," आत्या म्हणाली. "येईल."

पौर्णिमा मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होती. आपण नसलो की काय नसतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. गिटार वर वर जात होती आणि तिच्याखाली जमीनच नव्हती. मंगळ्या एकटा जीव तोडून ठोकत होता. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मंगळ्याची दया आली.

मग मंच रिकामा झाला. डबा तिनं आणि धम्मपालनं मिळून वर चढवला. ती स्टुलावर बसली आणि बेस मांडीवर आडवा घेतला. पाय आपोआप मागे, ड्रमच्या जागेकडे सरकत होते. तिनं स्टूल उचललं आणि पुढे, गाणाऱ्याच्या जागी ठेवलं.

माइकवर काय बोलावं तिनं ठरवलं नव्हतं. "जयभीम," ती म्हणाली. "हे कांडण आहे." आणि वाजवायला लागली.

पहिला सूर इतका खालचा होता की तो आधी पायांना कळला. चहाच्या टेबलावरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणल्या. दुसरा घाव पडला, तिसरा पडला, आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. पौर्णिमेनं समोर पाहिलं. मिक्सरमागे अनिकेतनं मान खाली घातलेली. त्याचा हात बटणाच्या पट्टीवर होता, आणि ती पट्टी वर जात होती. तो थांबला. मग आणखी वर गेला. विहारामागच्या शेडचे पत्रे थरथरले.

तिनं कडं मुठीत घेतलं आणि तारांवरून ओढलं. मुसळ वर जातं तेव्हाचा श्वास. मग घाव. मग रिकामी जागा. मग घाव.

ती रिकामी जागा या चालीत पहिल्यापासून होती. बँडमध्ये तिथे दर वेळी अनिकेतची गिटार येऊन बसायची. दोघी कांडायला असल्या की एकीचा घाव आणि दुसरीचा घाव आलटून पालटून पडतात. आजीच्या कांडणात समोर कमळूआत्या असायची. पौर्णिमेनं फक्त आजीचा घाव उचलला होता. दुसरीची जागा मोकळी सोडली होती, कारण ती तिची नव्हती.

पुढच्या मोकळ्या जागेवर एक टाळी पडली.

पौर्णिमेनं मान वर केली नाही. हात चुकेल. पुन्हा मोकळी जागा आली आणि पुन्हा टाळी पडली, या वेळी दोन-तीन हातांची. तिसऱ्या वेळी बायकांची आख्खी बाजू होती. आत्या पुढच्या रांगेत उभी राहिली होती आणि तिच्यामागे कांडण ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या एकेक करून उठत होत्या. कुणी हात पालटत होत्या, जसं वर गेलेलं मुसळ या हातातून त्या हातात जातं. ज्यांनी जन्मात उखळ पाहिलं नव्हतं, त्या पोरी त्यांच्याकडे बघून टाळी धरत होत्या. मग पुरुष आले. मग खुर्ची सोडून शेखर. त्याची टाळी पहिल्यांदा चुकीच्या जागी पडली, आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो ताळ्यावर आला.

पौर्णिमेनं वेग वाढवला. ते सोबत आले. तिनं हळू केलं, ते हळू झाले. गाण्याला शब्द नव्हते, आणि मांडवात एकही माणूस शब्दांसाठी थांबलेला नव्हता. तिनं शेवटचा घाव इतका लांबवला की तो पत्र्यांतून, ताटल्यांतून, खुर्च्यांच्या पायांतून विझत गेला. तो पुरता विझेपर्यंत कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मग वाजल्या.

"परत," बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. "परत वाजव गो." तिनं परत वाजवलं.

सोमा खुर्चीतून उठला नव्हता. तो पुढे झुकून पौर्णिमेकडे बघत होता, आणि बोट गुडघ्यावर चालू होतं, एकाच तारेवर. शेजारी उभ्या असलेल्या धम्मपालला तो म्हणाला, "तुटली नाय बघ."

माणसं पांगली तेव्हा अजून उजेड होता. पौर्णिमा वायरी गुंडाळत होती. अनिकेत मिक्सर सोडून मंचावर आला आणि डब्याभोवती एक चक्कर मारली.

"ती मोकळी जागा," तो म्हणाला. "मी इतके दिवस तिथे वाजवत होतो."

"हो."

"सांगायचंस ना."

"तू चांगलं वाजवायचास."

त्यानं हे पचवलं. मग वाकून डब्याची एक बाजू धरली. "हा तुझ्या वाट्याचा आहे. मी उचलणं बरोबर नाही. पण टेम्पो माझ्या वाट्याला आलाय. वाशिंदपर्यंत सोडतो. धर तिकडून."

"हळू," पौर्णिमा म्हणाली. "जड आहे."

"माहीत आहे," अनिकेत म्हणाला, आणि दोघांनी एकदम उचलला.